समुद्राचा सामू ८.२ वरून ८.१: यात बिघडलं काय, आणि मीटर वेगळंच का दाखवतो?

निळीखाडी
समुद्राच्या आम्लीकरणाबद्दल वाचताना तीन ठिकाणी अडायला होतं, म्हणून हा धागा.

१. कारखानदारी सुरू होण्याआधी समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू (पीएच) साधारण ८.२ होता, आता ८.१ च्या आगेमागे आहे. पाणी अजून अल्कधर्मीच आहे. मग 'आम्ल' शब्द कशासाठी, आणि ०.१ ने असं काय बिघडतं?

२. साधा पेनसारखा पीएच मीटर ७ आणि १० च्या बफरवर (सामू ठाऊक असलेल्या प्रमाण द्रावणावर) लावून समुद्राच्या पाण्यात बुडवला की ८.२ दाखवतो. त्याच पाण्याला शोधनिबंधात ८.०५ लिहिलेलं असतं. चूक कोणाची?

३. सगळी चर्चा कार्बन डायऑक्साइडभोवती फिरते. सांडपाणी, खतं, जहाजांचा धूर यांनी किनाऱ्याचं रसायन किती बदलतं?

जाणकारांनी आकड्यांसह लिहावं ही विनंती.

ब्युरेट
पहिल्या प्रश्नापुरतं. सामूची पट्टी लॉगची आहे. ०.१ ने उतरला म्हणजे हायड्रोजन आयन १.२६ पट झाले, सव्वीस टक्के वाढ. 'आम्लीकरण' हे दिशेचं नाव आहे, मुक्कामाचं नाही. उणे २० वरून उणे १० अंशाला आलं तरी आपण तापमान वाढलं असंच म्हणतो.

पण खरं नुकसान सामूच्या आकड्यात दिसतच नाही. समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या असेंद्रिय कार्बनचे शंभर भाग धरले तर साधारण ९० बायकार्बोनेट, ९ कार्बोनेट आणि जेमतेम १ भाग कार्बन डायऑक्साइड असतो. वरून आलेला कार्बन डायऑक्साइडचा रेणू एका कार्बोनेटला गाठतो, पाण्याचा एक रेणू घेतो आणि दोन बायकार्बोनेट तयार होतात. सामू फार घसरत नाही तो यामुळेच: कार्बोनेट मध्ये पडून धक्का सोसतं. आणि सोसता सोसता तेच संपत जातं. शंख, शिंपले, प्रवाळ यांना कवच बांधायला हवं असतं ते नेमकं हेच कार्बोनेट.

तुलनेला ऊर्ध्वपातित पाणी घ्या. ते उघड्यावर ठेवलं की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनेच त्याचा सामू ५.६ पर्यंत उतरतो, कारण त्यात धक्का सोसणारं काही नाही.

ओहोळ
म्हणजे समुद्राला ॲसिडिटी झाली आहे आणि त्याच्या डब्यातला सोडा संपत आलाय :)

ब्युरेट
@ओहोळ, उपमा चांगली आहे, एक दुरुस्ती. सोड्याचा डबा म्हणजे अल्कलिनिटी, पाण्याची आम्ल सोसण्याची एकूण ताकद, आणि कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने अल्कलिनिटी बदलत नाही. समुद्रात ती किलोमागे २३०० मायक्रोमोलच्या आसपास असते, ती तेवढीच राहते. बदलते ती डब्यातली वाटणी: कार्बोनेट कमी, बायकार्बोनेट जास्त. हा फरक लक्षात ठेवा, पुढे जहाजांच्या धुराचा विषय निघाला की लागेल.

आणखी एक. हवेतला कार्बन डायऑक्साइड १० टक्क्यांनी वाढला तर समुद्रातला एकूण असेंद्रिय कार्बन जेमतेम १ टक्क्याने वाढतो. रेव्हेल आणि स्यूस यांनी १९५७ मध्ये हे मांडलं आणि त्याला आज रेव्हेल गुणांक म्हणतात. कार्बोनेट घटलं की हा गुणांक वाढतो, म्हणजे समुद्राची शोषून घेण्याची ताकदही उतरते. सध्या दरवर्षीच्या उत्सर्जनाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र पोटात घेतो.

भरतीरेषा
थोडा विरोध नोंदवतो. खाडीच्या तोंडाशी एका दिवसात सामू ०.५ ने वरखाली होतो. दिवसा शेवाळ कार्बन डायऑक्साइड खातं, सामू चढतो. रात्री सगळे श्वास सोडतात, उतरतो. तिथले जीव हे रोज सोसतात. शतकभरात ०.१ उतरला तर त्यांना कळणार तरी आहे का?

शंखशिंपले
@भरतीरेषा, रोजचा झोका तेवढाच राहिला तरी त्याचा मधला बिंदू खाली सरकला की खालचं टोक जास्त वेळा आणि जास्त वेळ धोक्याच्या रेषेखाली जातं. जीव सरासरीने मरत नाहीत, त्या टोकाला मरतात.

याचं नीट तपासलेलं उदाहरण अमेरिकेच्या ओरेगन किनाऱ्यावरचं आहे. नेटार्ट्स उपसागरातल्या व्हिस्की क्रीक नावाच्या कालव-बीज केंद्रात २००७ च्या सुमारास अळ्या मोठ्या प्रमाणावर मरायला लागल्या. आधी जिवाणूंवर संशय गेला. नंतर मोजमापातून दिसलं की उत्तरेचा वारा सुटला की खोलातलं थंड, कार्बन डायऑक्साइडने भरलेलं पाणी वर येतं आणि तेच नळांतून टाक्यांत शिरतं. असं पाणी वर येणं नैसर्गिकच आहे. पण त्यावर माणसाने घातलेल्या कार्बनची भर पडली आणि ते रेषेपलीकडे गेलं.

ही रेषा म्हणजे ॲरागोनाइटची, कवचातल्या कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाची, संपृक्तता: पाण्यातलं कॅल्शियम गुणिले कार्बोनेट, भागिले त्या खनिजाचा विद्राव्यता गुणाकार. १ च्या वर असेल तर खनिज टिकतं, १ च्या खाली उघडं कवच विरघळू लागतं. कालवाच्या अळीचं अडतं ते १ च्या बरंच आधी. अंड्यातल्या साठ्यावर तिला पहिल्या दोन दिवसांत पहिलं कवच उभं करायचं असतं. पाण्यात कार्बोनेट कमी असेल तर तेच कवच बांधायला जास्त ऊर्जा लागते, साठा संपतो आणि अळी खायला शिकण्याआधीच मरते. मोठ्या कालवाला तेच पाणी चालून जातं. त्यामुळे मोठी कालवं धडधाकट दिसली म्हणून पाणी ठीक आहे असं समजू नये.

केंद्राने उपाय केला तो अगदी ओहोळ यांच्या डब्यातला. आत येणाऱ्या पाण्यात धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, मोजून सोडायचा. त्याने अल्कलिनिटी आणि कार्बोनेट दोन्ही वाढतात. खाण्याचा सोडा इथे तितका उपयोगी नाही, त्यातून मुख्यतः बायकार्बोनेटच मिळतं. आणि धुण्याचा सोडा एकदम ओतला तर त्या जागी सामू उसळतो, कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका बसतो आणि जे वाढवायला निघालो तेच हातचं जातं. पातळ द्रावण, हळू धार, सतत ढवळणं.

भरतीरेषा
खालच्या टोकाचा मुद्दा मान्य. पण खाडीत ते टोक खाली ओढणारी मुख्य गोष्ट हवेतला कार्बन नसून सांडपाणी आणि खतं आहेत, यावर ठाम आहे. तिसऱ्या प्रश्नावर कुणीतरी लिहा.

सागरवेध
आधी दुसरा प्रश्न संपवू, कारण चुकीच्या मीटरवर पुढची चर्चा उभी राहणार नाही.

निळीखाडी, खोटं कोणीच नाही, पट्ट्या दोन आहेत. बाजारातले ४, ७, १० चे बफर कमी क्षाराचे असतात. समुद्राच्या पाण्याची आयनी तीव्रता (विरघळलेल्या आयनांचं माप) ०.७ च्या आसपास, बफरची ०.१ च्या आसपास. त्यामुळे काचेच्या इलेक्ट्रोडच्या सांध्यावरचा विभव बफरमध्ये एक आणि समुद्राच्या पाण्यात दुसरा. शिवाय सागरशास्त्रात 'टोटल' पट्टी वापरतात, तिच्यात सल्फेटला चिकटलेले हायड्रोजन आयनही मोजलेले असतात. दोन्ही मिळून साधारण ०.१ ते ०.१५ चा फरक पडतो. तुमचं ८.२ आणि निबंधातलं ८.०५ हे एकच पाणी असू शकतं.

उपाय: कृत्रिम समुद्रजलात बनवलेला ट्रिस बफर. ३५ क्षारता आणि २५ अंशांना त्याचा सामू टोटल पट्टीवर ८.०९ असतो. त्याच्यावर मीटर लावायचा. इलेक्ट्रोड आधी तासभर समुद्राच्याच पाण्यात मुरू द्यायचा, ऊर्ध्वपातित पाण्यात कधीच साठवायचा नाही. २५ अंशांना एक सामू म्हणजे ५९.१६ मिलिव्होल्ट, म्हणजे ०.१ सामू फक्त ६ मिलिव्होल्ट. पाच मिनिटांत आकडा २ मिलिव्होल्टनेही सरकत असेल तर इलेक्ट्रोड बदला.

आता सगळ्यात जास्त लोक पडतात तो खड्डा: तापमान. समुद्राचं पाणी एक अंशाने तापलं की त्याचा सामू सुमारे ०.०१५ ने उतरतो. २८ अंशांचं पाणी बाटलीत भरलं आणि २२ अंशांच्या खोलीत मोजलं तर ०.०९ जास्त दिसेल. कारखानदारीने आजवर जेवढा बदल केला जवळपास तेवढा, तोही उलट्या दिशेने, नुसत्या एसीने दाखवला. मीटरवरची 'तापमान दुरुस्ती' ही इलेक्ट्रोडच्या उताराची असते, पाण्याच्या रसायनाची नाही. ती चालू आहे म्हणून निश्चिंत राहू नका. बाटलीत मोजतानाचं तापमान नोंदवा आणि मूळ तापमानाला परत आणा.

नेमकं काम करणारे इलेक्ट्रोडऐवजी एम-क्रेसॉल पर्पल हा रंग वापरतात. ४३४ आणि ५७८ नॅनोमीटरला प्रकाशशोषण मोजून दोघांच्या गुणोत्तरावरून सामू काढतात. ७३० नॅनोमीटरला रंग काहीच शोषत नाही, तो आकडा पाया म्हणून वजा करायचा. खुल्या समुद्रात सामू दहा वर्षांत ०.०२ च्या आसपास उतरतोय. तो बदल पकडायचा तर एवढी काटेकोरता लागतेच. हवाईजवळच्या 'अलोहा' केंद्रावर १९८८ पासून ही नोंद चालू आहे.

निळीखाडी
खूप धन्यवाद, एसीची गोष्ट कुठेच वाचली नव्हती. आता तिसरा प्रश्न.

गाळ
घ्या. खतं आणि सांडपाण्याचा हिशोब एका गुणोत्तरावर चालतो, रेडफिल्ड गुणोत्तर: तरंगत्या शेवाळात १०६ कार्बनमागे १६ नायट्रोजन आणि १ फॉस्फरस. ते शेवाळ मरून खाली कुजलं की एका फॉस्फरसमागे १३८ ऑक्सिजन रेणू खर्च होतात.

हे ग्रॅममध्ये मांडा. १ ग्रॅम फॉस्फरस म्हणजे १/३१ मोल. गुणिले १३८, गुणिले ३२. उत्तर १४२ ग्रॅम ऑक्सिजन. ३० अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे फार तर ६.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. म्हणजे नाल्यातून आलेला एक ग्रॅम फॉस्फरस पूर्ण वापरला गेला तर सुमारे २३,००० लिटर पाणी प्राणवायूविना करू शकतो. नायट्रोजनचा हिशोब ग्रॅमला सुमारे २० ग्रॅम ऑक्सिजन.

आणि त्या १३८ ऑक्सिजनच्या बदल्यात तिथेच १०६ कार्बन डायऑक्साइड सुटतात. त्यामुळे ऑक्सिजन गेला तिथे सामूही गेला, दोन्ही एकाच वेळी. @भरतीरेषा, तुमचं म्हणणं किनाऱ्यापुरतं बरोबर, पण ही दोन वेगळी कारणं नाहीत, एकावर दुसरं चढतं. हवेतल्या कार्बनने कार्बोनेट आधीच कमी झालेलं असतं, त्यामुळे कुजण्यातून सुटलेला तेवढाच कार्बन डायऑक्साइड सामू जास्त पाडतो.

मेक्सिकोच्या आखातात मिसिसिपी नदीच्या मुखाबाहेर हे दर उन्हाळ्यात घडतं. नदीचं गोडं, हलकं पाणी वर, खारं खाली, मध्ये झाकण बसल्यासारखं. वरचा ऑक्सिजन खाली पोचत नाही. लिटरमागे २ मिलिग्रॅमपेक्षा कमी ऑक्सिजन असलेला तळाचा पट्टा २०१७ मध्ये २२,७०० चौरस किलोमीटरच्या वर गेला होता, तिथल्या नोंदींतला सर्वांत मोठा. जगभरात असे ४०० हून जास्त मृत पट्टे २००८ च्या मोजदादीत होते.

पाऊसपाणी
+१. पण दोष फॉस्फरसचा की नायट्रोजनचा, हे पाणी बघून ठरवावं. गोड्या पाण्याचा निकाल कॅनडातल्या २२६ क्रमांकाच्या तळ्याने १९७३ मध्येच दिला. डेव्हिड शिंडलर यांच्या चमूने तळ्याच्या मध्ये पडदा ताणला. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातला, फॉस्फरस फक्त एका भागात. तो भाग हिरवागार झाला. आकाशातून काढलेला तो फोटो धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फेटवरच्या बंधनांच्या लढाईत फार कामी आला.

समुद्रात मात्र बऱ्याच ठिकाणी नायट्रोजन आधी संपतो. त्यामुळे सांडपाणी केंद्रात फक्त फॉस्फेट काढलं तर वरची नदी स्वच्छ दिसते आणि नायट्रोजन तसाच वाहत जाऊन मुखाशी शेवाळ माजवतो. दोन्ही काढायला हवेत.

गाळ
बरोबर. आणि फॉस्फरस एकदा गाळात गेला की विषय संपला असंही नाही. ऑक्सिजन असेपर्यंत तो लोहाच्या तांबूस ऑक्साइडला चिकटून बसतो. ऑक्सिजन संपला की लोह दुसऱ्या रूपात विरघळतं आणि धरलेला फॉस्फेट सोडून देतं. तो वर येतो, नवं शेवाळ, पुन्हा ऑक्सिजन खर्च. बाल्टिक समुद्रात जमिनीवरून येणारा फॉस्फरस बराच कमी केला तरी सुधारणा रखडली ती मुख्यतः या चक्रामुळे.

ऑक्सिजननंतर जिवाणू क्रमाने पुढची गोष्ट वापरतात: नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह, शेवटी सल्फेट. समुद्रात सल्फेट लिटरमागे २.७ ग्रॅम, म्हणजे अमर्याद. त्यातून हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याचा वास आणि काळा गाळ. किनाऱ्याचा गाळ उकरला आणि बोटभर खाली काळा निघाला तर ऑक्सिजन कुठे संपला ती रेषा डोळ्यांना दिसते.

ओहोळ
ऑक्सिजन मोजायचा कसा? मीटर महाग असतात.

ब्युरेट
विंकलर पद्धत, १८८८ पासून चालते आहे. ३०० मिलीची काचेची बाटली तळापर्यंत नळी घालून भरायची, वरून चांगली ओसंडू द्यायची, एकही बुडबुडा नको. १ मिली मँगनीज सल्फेट आणि १ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड पृष्ठभागाखाली सोडायचं, बूच लावून उलटसुलट करायची. तपकिरी साका म्हणजे ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर नाही. साका अर्ध्यावर बसला की १ मिली तीव्र गंधकाम्ल. साका विरघळून आयोडीनचा पिवळा रंग येतो. त्यातलं २०१ मिली घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेशन. जितके मिली लागले तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन दर लिटरला. २०१ का? भरलेल्या बाटलीत २ मिली रसायन घातल्याने तेवढा नमुना बाहेर गेला, त्याची भरपाई.

चुका होतात त्या या. स्टार्च लवकर घातला की आयोडीन त्यात अडकतं आणि शेवट पुढे जातो. रंग गवताच्या काडीसारखा फिका झाल्यावरच घाला. पाण्यात नायट्राइट असेल तर आकडा फुगतो, अझाइड त्यासाठीच असतं, आणि ते विषारी आहे, जपून. सल्फाइड किंवा फेरस लोह असेल तर आकडा खोटा कमी येतो, म्हणजे गाळ यांच्या काळ्या पाण्यात ही पद्धत वापरू नये.

वेळही महत्त्वाची. दुपारी तीनला मोजलं तर हिरवं तळं सगळ्यात निरोगी दिसतं. सूर्य उगवण्याआधी मोजा.

पाऊसपाणी
दुपारचा आणखी एक धोका. शेवाळाने कार्बन डायऑक्साइड ओढला की तळ्याचा सामू ९ च्या वर जातो. अमोनियाचं विषारी रूप २५ अंशांना सामू ७ ला एकूण अमोनियाच्या ०.६ टक्के असतं, ८ ला ५ टक्के, ९ ला ३६ टक्के. सांडपाणी तेवढंच, अमोनिया तेवढाच, आणि मासे दुपारी मरतात. अहवालात 'एकूण अमोनिया' लिहून सामू आणि तापमान लिहिलं नसेल तर त्या आकड्यावरून काही ठरवता येत नाही.

भरतीरेषा
प्लॅस्टिक कुणीच काढलं नाही?

शंखशिंपले
सामू, अल्कलिनिटी, ऑक्सिजन यांवर प्लॅस्टिकचा थेट परिणाम नगण्य. त्याचं रसायन वेगळ्या वाटेने येतं, मिसळलेल्या पदार्थांतून. उदाहरण टायरचं. रबर तडकू नये म्हणून त्यात ६पीपीडी घालतात. हवेतल्या ओझोनशी त्याची क्रिया होऊन ६पीपीडी-क्विनोन बनतं आणि पावसाबरोबर रस्त्यावरून ओढ्यात जातं. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर कोहो सामन मासे पहिल्या पावसानंतर अंडी घालण्याआधीच का मरतात, याचं उत्तर २०२० मध्ये हे निघालं. लिटरमागे एक मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी पुरतं. कारखान्याच्या यादीत हा पदार्थ नव्हताच, तो रस्त्यावर तयार होतो. म्हणून फक्त यादीतली रसायनं तपासून भागत नाही.

सागरवेध
जहाजांचा धूर राहिला. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ वरून ०.५ टक्क्यांवर आली. त्यातून पळवाट म्हणजे स्क्रबर: जड इंधनच जाळायचं, धूर समुद्राच्या पाण्याने धुवायचा. खुल्या प्रकारात ते धुवण समुद्रातच सोडतात. दर मेगावॉट-तासाला सुमारे ४५ घनमीटर धरतात, म्हणजे १० मेगावॉटचं इंजिन तासाला ४५० घनमीटर.

आता ब्युरेट यांचा फरक आठवा. कार्बन डायऑक्साइड अल्कलिनिटीला हात लावत नाही. गंधकाम्ल ती खातं, सल्फर डायऑक्साइडच्या एका रेणूमागे दोन एकक. वर बायकार्बोनेट मोडून कार्बन डायऑक्साइड हवेत जातो तो वेगळाच. खुल्या समुद्रात हे पातळ होऊन जातं. बंदरात, अरुंद खाडीत, कमी अल्कलिनिटीच्या उत्तर बाल्टिकमध्ये नाही. शिवाय धुवणात व्हॅनेडियम, निकेल आणि काजळीतली संयुगं असतातच. सिंगापूरने आपल्या बंदरात खुले स्क्रबर २०२० पासूनच बंद केले, ते योग्य केलं.

पाऊसपाणी
आम्लवर्षेनेही गोड्या तळ्यांत अल्कलिनिटीच खाल्ली. वर्षानुवर्षं सामू जवळजवळ स्थिर दिसतो, अल्कलिनिटी मात्र उतरत असते. ती शून्याला टेकली की सामू कड्यावरून पडावा तसा ५ कडे येतो. मग मातीतलं ॲल्युमिनियम विरघळून येतं आणि माशांच्या कल्ल्यांवर बसतं. स्वीडनने हजारो तळ्यांत चुनखडीची भुकटी टाकली. ती टाकत राहावी लागते, कारण पाणलोटातल्या मातीचं कॅल्शियम आधीच धुऊन गेलेलं असतं. म्हणून नुसता सामू नोंदवणारं निरीक्षण मला अपुरं वाटतं.

निळीखाडी
मग दर महिन्याला एका जागेची नोंद ठेवायची तर किमान काय मोजावं?

ब्युरेट
तापमान, क्षारता, ऑक्सिजन, सामू (ट्रिसवर लावलेला) आणि अल्कलिनिटी. सामू आणि अल्कलिनिटी हाती असली की कार्बोनेट आणि ॲरागोनाइटची संपृक्तता गणिताने निघते. किनाऱ्यावर फॉस्फेट, नायट्रेट, अमोनिया जोडा.

अल्कलिनिटीसाठी १०० ग्रॅम नमुना तोलून घ्या. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल जेमतेम २.३ मिली लागतं, त्यात ०.०५ मिलीची चूक म्हणजे २ टक्के गेले. ०.०२ मोलर घ्या, ११.५ मिलीच्या आसपास लागेल. ते आम्ल मिठाच्या ०.६ मोलर द्रावणात बनवा, म्हणजे टायट्रेशनभर आयनी तीव्रता फारशी हलणार नाही. ४.५ ला थांबू नका, सामू ३.५ ते ३ मध्ये पाच-सहा वाचनं घेऊन ग्रान आलेखाने (ती वाचनं सरळ रेषेत मांडून, रेषा शून्यापर्यंत मागे नेऊन) शेवट काढा. जागा, भरतीची वेळ आणि घड्याळाची वेळ दर महिन्याला तीच ठेवा.

सागरवेध
नमुना लगेच मोजता येणार नसेल तर प्रयोगशाळा ५०० मिलीच्या काचेच्या बाटलीत संपृक्त मर्क्युरिक क्लोराइड ०.१ मिली घालतात, म्हणजे आतले जीव मरतात आणि कार्बन बदलत नाही. प्रशिक्षण नसेल तर हे करू नका. बाटली काठोकाठ भरून, अंधारात, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी मोजा. आणि जिथे ते घातलं जातं तिथलं उरलेलं पाणी मोरीत जाता कामा नये, पाऱ्याच्या वेगळ्या बरणीत जमा करायचं. गाळ यांनी वर सांगितलेल्या काळ्या, ऑक्सिजन नसलेल्या गाळात पोचलेल्या पाऱ्याचा सल्फेट वापरणारे जिवाणू मिथिलमर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचं जास्त विषारी रूप, करतात. जपानच्या मिनामाता उपसागरात कारखान्याच्या पाण्यातून थेट मिथिलमर्क्युरी आली आणि १९५६ मध्ये तिच्या विषबाधेच्या, मिनामाता आजाराची पहिली अधिकृत नोंद झाली.

निळीखाडी
ट्रिस, ०.०२ मोलर, सूर्योदयाआधी, मर्क्युरिक क्लोराइड नाही. लिहून घेतलं. पहिल्या तीन महिन्यांचे आकडे इथेच टाकते, तपासून द्या.